विजेचाही दाब पाहावा

आमच्या आईला रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी रोज सकाळी दाब मोजून वहीत लिहावयास सांगितले, म्हणून आम्ही भावंडांनी पैसे जमवून घरगुती यंत्र आणले. ते चार पेन्सिल सेलवर चाले. सेल वरचेवर संपू लागले तेव्हा खर्च वाचवावा म्हणून आम्ही इंटरनेटच्या राउटरचा जुना अडॅप्टर त्याला लावला. पिन अगदी बरोबर बसली. बटण दाबताच जळका वास आला आणि यंत्र कायमचे बंद पडले.

दुसरे येईपर्यंत आठ दिवस वही कोरी राहिली. वर आईच म्हणाली, "माझ्यापायी तुम्हाला खर्च झाला." तेव्हा आमची मान खाली गेली. ऑफिसात आम्ही न वाचता कागदावर सही करीत नाही. इथे मात्र अडॅप्टरवरच्या चार ओळी वाचल्या नव्हत्या.

हिशेब सोपा होता. एक सेल दीड व्होल्टचा, चारांचे ६ व्होल्ट. राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचा. म्हणजे दुप्पट दाब! माणसाला वाढलेला दाब सोसत नाही, तसा यंत्रालाही सोसत नाही.

म्हणून वाचकहो, अडॅप्टर घेताना 'आउटपुट'ची ओळ वाचावी. व्होल्ट यंत्रावर लिहिले असतील तितकेच हवेत. अँपिअर तितके किंवा जास्त चालतात. टाकीत पाणी कितीही असो, तांब्या आपल्यापुरतेच घेतो. कमी असतील तर मात्र अडॅप्टर तापतो. यंत्र डीसीवर चालणारे असेल तर आउटपुटही डीसीच हवे. शेवटी, मधे टिंब असलेले गोल चित्र पाहावे. टिंबाकडे अधिक चिन्ह असेल तर पिनेच्या आत धन, बाहेर ऋण. काही यंत्रांत हे उलट असते, म्हणून दोन्हींवरची चित्रे जुळली पाहिजेत. पिन बसणे ही सर्वांत शेवटची गोष्ट. आणि औषधोपचाराच्या यंत्राला कंपनीने सांगितलेलाच अडॅप्टर घ्यावा. तिथे काटकसर नको.

आता घरातल्या प्रत्येक अडॅप्टरवर आम्ही पट्टी चिकटवून कोणत्या वस्तूचा ते लिहिले आहे. नव्या यंत्राच्या अडॅप्टरवर मुलीने लिहिले, 'आजीचा'. त्याला आता कोणी हात लावीत नाही.