सासऱ्यांचा बेंजो आणि त्यातले पाहुणे



वरातीत आणि गणपतीत वाजतो त्याला आपण सरसकट बेंजो म्हणतो. खरा बॅंजो अमेरिकेतला. तो डफासारखा गोल, आणि त्यावर पूर्वी कातडं ताणलेलं असे. आपला बेंजो म्हणजे लांबट पोकळ पेटी, वर पोलादी तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. त्याचं दुसरं नाव बुलबुलतरंग. त्यात कातडं कुठेच नसतं. हे आधीच सांगते, कारण सासऱ्यांचा बेंजो माळ्यावरून खाली आला तेव्हा नणंदबाई पहिलं वाक्य बोलल्या ते हेच, की कातड्याची वस्तू देवघराच्या भिंतीला लागून नको. (मंदिरातल्या हार्मोनियमच्या भात्याला पुष्कळदा कोपऱ्यांवर कातडं असतं, ते मात्र कोणी विचारत नाही. असो.)

सासरे भोरला दुकान सांभाळायचे. लग्नाआधी मित्रांबरोबर वेल्ह्याकडच्या लग्नांत बेंजो वाजवायला जायचे. घरात ते कुणाला आवडत नव्हतं. लग्नानंतर बेंजो फक्त पर्युषणात निघायचा, संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपल्यावर एखाददुसऱ्या स्तवनापुरता. सासूबाईंच्या अठ्ठाईच्या पारण्याला त्यांनी तो वाजवला होता, हे मी गेली वीस वर्षं ऐकतेय. सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. या जेष्ठात म्हणाल्या, "अगं, पर्युषणापर्यंत वाजता होईल का बघ. पुढच्या वर्षाचं मला कोण सांगणार?"

आधी तो कुठला हे कळायला हवं होतं, म्हणजे सुटे भाग कसे मिळवायचे ते ठरेल. हे म्हणाले, कुठला काय, मुंबईचा. पण बटणांवर आकडे होते, 1 ते 7. काही आकड्यांखाली टिंब, काहींच्या डोक्यावर टिंब. आपल्या भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकाला खाली आणि तार सप्तकाला वर टिंब देतात, तसंच. तळाची फळी सुटली होती, तिच्या आत कागदाची चिठ्ठी चिकटवलेली निघाली. कंपनीचं नाव ओलीने गेलेलं, पण तीन जपानी अक्षरं शाबूत. लेकीने फोनवर वाचून घेतली, ताइशोगोतो.

मग उलगडा झाला. 1912 साली जपानमध्ये नागोयाच्या मोरिता गोरोंनी दोन तारांच्या वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं जोडून हे वाद्य काढलं. त्याच वर्षी तिथे ताइशो नावाचं राजयुग सुरू झालं, त्यावरून हे नाव. तेच आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, आणि वीज जोडल्यावर बेंजो पार्टीत गेलं. चिठ्ठीवरची अक्षरं डावीकडून उजवीकडे होती. युद्धाआधी जपानी लोक आडवं लिहिताना बहुधा उजवीकडून सुरुवात करत, म्हणून मी हा नंतरचा धरते. तारांखालचं पिकअप मात्र जपानचं वाटलं नाही. लाउडस्पीकरच्या वायरसाठी पाडलेल्या भोकाची कड कोरी होती, पॉलिश न लागलेली. ते काम नक्कीच इकडे झालेलं.

आता खरी अडचण. तळाच्या फळीला आतून एक पांढरट लाकडाची पट्टी होती, तिला सुईएवढी भोकं. खाली काळा कागद पसरून ठेवला तर सकाळी त्यावर पिठासारखी ताजी भुकटी. जुनी भोकं असती तर भुकटी पडली नसती. म्हणजे आत जीव होते. सुतार म्हणाला, "वहिनी, सिरिंजने औषध सोडतो, दोन दिवसांत साफ." चातुर्मास तोंडावर आलेला, आणि तसंही मी ते करू दिलं नसतं. उन्हात तापवायचंही नाही, त्यानेही तेच होतं. वाट बघायची तर या किड्याला लाकडातून बाहेर यायला वर्षसुद्धा लागतं, आणि सासूबाईंनी तर पर्युषण सांगितलेलं. मी त्यांनाच विचारलं, "आई, तुम्ही सांगा." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांचं घर मोडून मला गाणं नको."

सुटका सुतारानेच सुचवली, तीही वैतागून. हा किडा बाहेरच्या कच्च्या लाकडातच राहतो, पक्क्या सागाला लागत नाही. बाकीची पेटी कोरडी आणि निरोगी होती. मग ती एक पट्टीच स्क्रू काढून अलगद सोडवली आणि मागच्या पडवीत, न जाळायच्या लाकडांत, कोरड्यात ठेवून दिली. तिच्या जागी सागाची पट्टी. पेटी पुंजणीने झाडली, पंधरा दिवस पुन्हा काळ्या कागदावर ठेवली. कागद काळाच राहिला.

फळी चिकटवतानाही बोलणं झालंच. जुना डिंक तपकिरी, काचेसारखा, कोमट पाण्याने मऊ होणारा, म्हणजे सरस, जनावरांच्या कातड्याहाडांचा. सुताराचं म्हणणं, सरसच बरा, पुढे कधी उघडायचं झालं तर सुटतो. खरं आहे ते. पण मी जुना पूर्ण खरवडून घेतला, कारण त्याच्यावर पांढरा डिंक धरत नाही, आणि पांढराच लावला. पॉलिशही लाखेचं असतं, आणि लाख किड्यांपासून येते, म्हणून तेही नको म्हटलं. पेटी जुन्याच रंगात, ओरखड्यांसकट राहिली.

बटणं आणि वीज आमच्या हाताबाहेरची. त्यासाठी कापूरहोळ, चेलाडी, मार्गासनी करत वेल्ह्यापलीकडे गेलो, सासऱ्यांबरोबर वाजवणाऱ्या एका काकांकडे. तोरण्याच्या अंगाला असा पाऊस की पेटीला तीन पिशव्या घातल्या होत्या. काकांनी मीटर लावला. पिकअपचं वेटोळं शाबूत होतं, फक्त डाग सुटलेला. तो लावला. बटणांखालच्या स्प्रिंगा गंजल्या होत्या, त्या शिलाई मशीनच्या तेलाने मोकळ्या केल्या, दोन बदलल्या. पडदे पुसले, तारा नव्या चढवल्या. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पोरी, त्याच्या बटणांना अजून त्याचाच हात आहे." मधली तीन-चार बटणं खरंच जास्त झिजलेली आहेत.

पर्युषणात लेकीने वाजवला, स्पीकर न जोडता. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं, आणि दुसऱ्या ओळीला थांबवून म्हणाल्या, "तिथे पाच नाही, सहा. वर टिंबवाला." तेव्हापासून त्या आठवेल तसे आकडे सांगतात आणि लेक वहीत उतरवते. साडेतीन स्तवनं झाली आहेत.

पडवीतल्या पट्टीखाली भुकटी अजून पडते.