रेडीची पेटी

सावंतवाडी स्थानकावर उतरून शिरोड्याच्या वाटेने रेडीला निघाले म्हणजे एक वळण असे येते की, तेथून पुढे मातीचा रंगच पालटतो. कोकणची माती तांबडी हे सगळ्यांनाच ठाऊक. पण रेडीचा तांबडेपणा काही निराळाच. रस्त्याकडेच्या माडांच्या झावळ्यांवर, कौलांवर, एवढेच काय, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावरदेखील तो बसलेला असे. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत आजोळी जाऊन परतलो की आई आमचे कपडे वेगळे भिजवी. "रेडीचे लोखंड आले घरी," असे म्हणे.

ते खरेच लोखंड होते. महाराष्ट्राच्या अगदी दक्षिण टोकाला, वेंगुर्ले तालुक्यात, तेरेखोलच्या खाडीअलीकडे वसलेले हे गाव. चालुक्यांच्या मंगलेशाने जिंकलेले रेवतीद्वीप ते हेच, असे इतिहासकार सांगतात, ऐहोळेच्या इ. स. ६३४ च्या शिलालेखात त्या मोहिमेचा उल्लेख आहे. जांभ्या दगडाचा यशवंतगड आहे, माउलीचे देऊळ आहे, आणि १९७६ साली खाणीच्या जमिनीतून निघालेला द्विभुज गणपती आहे. आज गावात येणारी बहुतेक वाहने त्या गणपतीसाठीच येतात. पण आमच्या लहानपणी रेडी म्हणजे खाण आणि बंदर. डोंगरातून लोहखनिज निघे, बंदराकडे जाई आणि परदेशी जहाजांत भरले जाई.

माझे मामा त्या खनिजाचे नमुने काढण्याचे काम करीत. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या नाताळच्या सुटीत मी आणि माझा मुलगा त्यांच्याकडे गेलो, ते एका पेटीसाठी.

झाले होते असे. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाची एक प्रत ९१ लाख २० हजार डॉलरांना लिलावात गेली. १९३९ सालचा, दहा सेंट किमतीचा अंक. आईच्या पश्चात तिच्या घराच्या माळ्यावर तीन भावांना सापडलेला. आपल्या रुपयांत सुमारे ऐंशी कोटी! ही बातमी वाचल्यापासून चिरंजीवांना झोप लागेना. आपल्याही आजोळच्या माळ्यावर एक पेटी आहे आणि तीत बाबांची इंद्रजाल कॉमिक्स आहेत, हे त्याने माझ्याच तोंडून शंभर वेळा ऐकले होते. त्यातच मामांच्या घराचे छप्पर पुढच्या पावसाळ्याआधी उतरवून वासे बदलणे भाग होते. सुताराने लाख-दीड लाखाचा अंदाज दिलेला. मुलाने दोन्ही गोष्टींची सांगड घातली. कॉमिक्स अमेरिकेला पाठवून त्यांची प्रतवारी करून घ्यावयाची, विकावयाची, आणि आजोबांचे छप्पर शाकारून टाकावयाचे. हेतू वाईट होता असे कोण म्हणेल?

या प्रतवारीची पद्धत मोठी गमतीची आहे. अमेरिकेत २००० साली एक कंपनी निघाली. तिचा धंदाच हा. अंक तिच्याकडे गेला की जाणकार तो तपासतात. पाने पुरी आहेत का, कोठे डाग वा घडी आहे, पिना गंजल्या आहेत का, कोणी गुपचूप रंग लावून डागडुजी तर केलेली नाही, हे सारे पाहून अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देतात. मग अंक टणक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचा बंद होतो आणि वर गुणांची चिठ्ठी लागते. ज्या प्रतीला लाखो डॉलर मिळाले तिला नऊ गुण होते. हजारो मैलांवरचा गिऱ्हाईक प्रत न पाहता त्या आकड्यावर पैसे मोजतो, म्हणून या आकड्याला मोल.

माळ्यावरून पेटी खाली आली. मामीने वेखंडाची पुरचुंडी बाहेर काढली आणि म्हणाली, "वाळवी लागली नाय, ह्याच नशीब." आत सदतीस-अडतीस सुटे अंक आणि जाड पुठ्ठ्याचे, पाठीला कापड लावलेले चार खंड. वेताळ, मॅण्ड्रेक, बहादूर, सगळी जुनी मंडळी! टाइम्सवाल्यांनी १९६४ च्या मार्चमध्ये ही मालिका इंग्रजीत काढली. मराठी आणि इतर भाषांतही ती आली, आणि १९९० मध्ये बंद पडेपर्यंत तिचे सुमारे ८०० अंक निघाले. आमच्या पेटीतले बहुतेक शेवटच्या आठ-दहा वर्षांतले. म्हणजे अगदी सामान्य, घरोघरी असलेले.

मुलाने मोबाइलच्या उजेडात एकेक अंक पाहावयास घेतला आणि त्याचा चेहरा उतरत चालला. समुद्राच्या हवेने पिना गंजल्या होत्या आणि त्यांचा तांबूस डाग मधल्या पानांत उतरला होता. (रेडीने इथेही आपला रंग सोडला नाही!) चांगले राहिले होते ते खंडांतले अंक. ते मामांनी सावंतवाडीला नेऊन बांधून आणले होते, म्हणूनच तगले. पण बांधणाऱ्याने कडा कापल्या, पाठीतून दोरा ओवला. गुण देणाऱ्याच्या दृष्टीने ते बाद. ज्या उपायाने अंक वाचले त्यानेच त्यांची प्रत घालवली.

आणि बहुतेक मुखपृष्ठांवर निळ्या शाईत एक नाव होते. माझ्या मामेभावाचे. पुस्तक कोणी पळवू नये म्हणून तो वेताळाच्या कवटीखाली आपले नाव घाली. त्याला जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा नकळत म्हणाला, "नाव लिहिलं की गुण कमी होतात." मामा काही बोलले नाहीत. तो अंक त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

रात्री जेवणे झाल्यावर त्यांनीच विषय काढला. एका प्रतीची तपासणी कितीला पडते? मी सांगितले, पंचवीस-तीस डॉलरांपासून पुढे. जाण्यायेण्याचे टपाल आणि विमा धरला नाही तरी अडीच हजार रुपये. अडतीस प्रतींचे पंचाण्णव हजार. आणि विकून? फोर्टातल्या फुटपाथवरच्या माझ्या ओळखीच्या एका जुन्या पुस्तकवाल्याने अशा अंकांना सरासरी दोनशेचा भाव सांगितला होता. म्हणजे साडेसात हजार.

मामा हसले. मग त्यांनी मुलाला आपल्या कामाची हकीकत सांगितली. जहाज भरताना ठरावीक अंतराने माल बाजूला काढावयाचा. त्याचा ढीग करावयाचा, चपटा करून चार भाग पाडावयाचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकून द्यावयाचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, असे करीत शेवटी मूठभर उरे. ते दळून, वाळवून, त्यातला ओलावा वजा करून लोखंड शेकडा किती हे काढीत. शुद्ध खनिजातदेखील ते सत्तरच्या फारसे वर जात नाही. करारातल्या आकड्याहून एक टक्का जास्त भरले तर भाव वाढे, कमी भरले तर कापला जाई. आणि हजारो टनांवर तो एक टक्का म्हणजे केवढी रक्कम! म्हणून तपासनिसाला पैसे देणे परवडे.

"नमुनो जहाजाचो काढतंत, बाबू," मामा म्हणाले. "पाटीचो कोण काढता?"

मुलगा सहजी हार मानणारा नव्हे. तो म्हणाला, "पण आजोबा, मराठी अंक तर इंग्रजीपेक्षा दुर्मिळ आहेत."

"असतीत. पण घेणारो व्हयो मा?"

यावर मी तरी आणखी काय सांगणार? १९९१ साली अमेरिकेत 'एक्स-मेन'चा एक नवा पहिला अंक निघाला. पुढे किंमत येईल या आशेने लोकांनी त्याच्या ऐंशी लाखांवर प्रती उचलल्या आणि जिवापाड जपल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून आज तो कोठेही स्वस्तात मिळतो. आपल्याकडे उलटे. अंक कोणी जपले नाहीत. ते हातोहात फिरले, रद्दीत गेले, आणि आज हौशी माणूस शोधतो तो बहुधा लहानपणी हरवलेली गोष्ट पुन्हा वाचावयास. त्याला साडेसहा आणि सात गुणांतल्या फरकाशी काय कर्तव्य? तो पाने उलटून पाहतो, वास घेतो आणि घासाघीस करतो. १९६४-६५ चे साठ पैशांचे आरंभीचे अंक कोऱ्यासारखे कोणाकडे असतील, तर त्याने अवश्य चौकशी करावी. तेथे एका गुणाने भाव खरोखर बदलू शकतो आणि डागडुजी लपवणारेही भेटतात. पण आमच्यासारख्यांच्या पेट्यांत ते नसतात. कोणाला हौसेने एखादा अंक डबीत घालून भिंतीला लावावयाचा असेल तर लावावा. मात्र तो खर्च हौसेच्या खात्यावर मांडावा.

मामांना डबीचेच कोडे सुटत नव्हते. "बंद केल्यार मगे वाचूची कशी?" त्यांनी दोनदा विचारले.

छपराचे पैसे शेवटी आम्ही भाचेमंडळींनी वाटून घेतले. काम फेब्रुवारीत झाले. निघण्याच्या दिवशी मुलाने आजोबांकडे एक अंक मागितला. मला वाटले होते, त्यातल्या त्यात चांगला मागेल. त्याने नाव लिहिलेलाच मागितला. मामांनी कपाटातून जाड कागद काढला, पूर्वी नमुन्याची पुडी बांधीत तशी चारी बाजूंनी घडी घालून अंक त्यात बांधला आणि वर थरथरत्या पण वळणदार अक्षरात लिहिले: "रेडी. नमुना १. ओलावा पुष्कळ."