एका ‘मागास’ माशाविषयी

आम्ही इतिहासाचे शिक्षक. माशांविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार नाही, हे आधीच मान्य करतो. परंतु स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा आम्हांस नववीच्या वर्गातील एक प्रश्न आठवला. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते आणि उत्क्रांतीचा धडा आमच्याकडे आला होता. आफ्रिकेतील बिचिर या माशाचे वेडेवाकडे चित्र फळ्यावर काढून आम्ही म्हणालो, हा आदिम मासा आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो. मागच्या बाकावरील मुलाने विचारले, “सर, आदिम म्हणजे मागासच ना?”

वर्ग हसला नाही. आमच्या वसतिगृहात त्या शब्दाला कोणी हसत नाही. उत्तर आम्हांस त्या तासाला देता आले नाही.

नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेसोबत गेलेले एतिएन जोफ्रवा सेंत-इलेर यांना हा मासा नाईल नदीत आढळला. १८०२ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. लांबट अंग, त्यावर चिलखतासारखे कठीण चौकोनी खवले, पाठीवर पताकांसारखे सुटे सुटे पर आणि पोटात फुप्फुसांची जोडी. पिल्लांना डोक्याच्या बाजूंस पिसांसारखे बाह्य कल्ले असतात. गढूळ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो वर येऊन हवा घेतो. डोक्यावरील दोन छिद्रांतूनही त्याला ती घेता येते. श्वास सोडताना चिलखत आत दबते आणि पूर्ववत होताना हवा आत ओढून घेते.

या माशाची अंडी पाहण्यासाठी जॉन सॅम्युअल बजेट हा केंब्रिजचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ चार वेळा आफ्रिकेत गेला. भ्रूणाच्या वाढीत प्राण्याच्या पूर्वजांचा इतिहास वाचता येतो, असा त्या काळी अनेकांचा विश्वास होता. दोनदा गॅम्बिया, एकदा युगांडा. हाती काही आले नाही. अखेर १९०३ मध्ये नायजर नदीच्या मुखप्रदेशात त्याला अंडी फलित करता आली. परतल्यावर, जानेवारी १९०४ मध्ये, आफ्रिकेत जडलेल्या तापाने तो वारला. वय अवघे ३१. त्याने आणलेल्या भ्रूणांचा अभ्यास त्याचा मित्र ग्रॅहम कर याने पुरा केला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही या पानांवर फार वेळ रेंगाळलो, हे कबूल करतो.

आता त्या मुलाचा प्रश्न. माशांच्या वाताशयापासून फुप्फुस घडले, असे डार्विनने १८५९ मध्ये लिहिले होते. आज क्रम उलटा मानला जातो: फुप्फुस आधीचे, वाताशय त्यातून घडलेला. रोहू साफ करताना जो पांढरा फुगा हाती लागतो, तो म्हणजे बदललेले फुप्फुसच. बिचिरचा वंश इतर किरणपंखी माशांपासून ३५ कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी वेगळा झाला. आपला वंश तर त्याच्याही आधी. तेव्हा तो आपला आजोबा नव्हे आणि आपल्या शिडीची खालची पायरीही नव्हे. तोही आपल्याइतकाच काळ चालत आला आहे. ‘आदिम’ हा शब्द आम्ही वर्गात फार सैलपणे वापरला होता.

आणखी एक प्रयोग वाचनात आला. २०१४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी बिचिरची पिल्ले आठ महिने ओलसर जमिनीवर वाढवली. ती परांवर चालू लागली. डोके उंच धरीत, पर अंगाजवळ टेकवीत. त्यांच्या खांद्याच्या हाडांची ठेवणही बदलली. वंश तोच, वाढण्याची जागा वेगळी.

आठवड्यानंतर आम्ही हे सारे वर्गात सांगितले आणि चूक कबूल केली. तो मुलगा समाधानी दिसला नाही. म्हणाला, “मग सर, जे पाण्यातच वाढले, त्यांना चालताच येत नव्हते का?”

येत होते, आम्ही सांगितले. फक्त ते अधिक घसरत.