एकच खाते

गेल्या माघात वैद्यकीय अहवाल हाती आल्यावर आम्ही रात्री वाचनयंत्रावर कर्करोगाविषयीचे एक पुस्तक वाचू लागलो. घरात कोणास बोललो नव्हतो. खाते मात्र चिरंजीवांचे व आमचे एकच! चौथ्या दिवशी ते पुस्तक, आमच्या अधोरेखित ओळींसह, त्यांच्या यंत्रावर दिसले. “बाबा, हे कोणासाठी?” एवढेच त्यांनी विचारले.

खासगीपणा हा मूलभूत हक्क होय, हा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा २०१७ चा निर्णय आम्ही कितीदा तरी न्यायालयात वाचून दाखविला आहे. घरचे खाते वेगळे करण्याचे काही सुचले नाही! आता ते केले, खुणा व वाचलेले पान कंपनीकडे पाठविणारी सोय बंद केली, यंत्रास सांकेतिक अंकांचे कुलूपही घातले. खरेदीची नोंद तिच्या दप्तरी राहतेच.

पुढचे पुस्तक कागदी आणले. ते चिरंजीवच आम्हांस वाचून दाखवितात.