आईसाठी दुरुस्त केलेलं घर

गिरगावात खोताच्या वाडीत जुनं घर आहे म्हटलं की लोक हमखास विचारतात, 'बिल्डरला कधी देताय?' ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो-३ गिरगावात आल्यापासून तर फारच. दादोबा वामन खोतांच्या नावाची ही वाडी. एकेकाळच्या पासष्टेक घरांपैकी आता निम्मीही उरलेली नाहीत. मुंबईत १९९५पासून वारसा नियमावली आहे, पण गळकं छप्पर घरच्यांनाच दुरुस्त करावं लागतं.

आईला हे घर सोडायचं नव्हतं, आणि तिच्या गुडघ्यांना लाकडी जिना झेपत नव्हता. म्हणून आधी तिची सोय ठरवली, मग घराची डागडुजी.

सुताराने हातोडीच्या दांड्याने एकेक तुळई ठोकून पाहिली. मधे खणखणीत आवाज, भिंतीत शिरलेल्या टोकाशी भद्द. ओल तिथेच मुरली होती. त्याने कुजलेलं टोक कापलं, जुन्या सागाचा तुकडा खाचेत बसवून सांधा केला आणि बोल्ट आवळले. अख्खी तुळई बदलावी लागली नाही. ते काम बघत मी तासन्‌तास उभा राहायचो.

भिंतींवर मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुन्यात बांधलेल्या विटांमधली ओल त्यामुळे आतच कोंडली, खार फुटला, पोपडे सुटले. तो सगळा खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. चुना वाळायला वेळ घेतो, त्याला घाई चालत नाही.

नवं बाथरूम माडीवर करा, असं अनेकांनी सुचवलं. लाकडी तक्तपोशीवर इतकं वजन आणि रोजचं पाणी नको, म्हणून आम्ही ते खाली, मागच्या जोत्यावर बांधलं; शेजारीच आईची खोली. न घसरणाऱ्या फरश्या, धरायला दांडे, गीझर. एसीचं पाणी लाकडावर ठिबकू नये म्हणून त्याची नळी थेट गटारापर्यंत नेली. वायरिंग सगळं नवं.

या सोयी केल्याने घराचं जुनेपण गेलं, असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. रात्री आई कुणाला न उठवता बाथरूमला जाऊन येते. ते जमलं नसतं, तर आम्हीही एव्हाना उपनगरात फ्लॅट शोधत असतो आणि घराला कुलूप लागलं असतं.

पावसाआधी कौलं चाळायची आहेत. वाडीतल्या आणखी एका घराने आमच्याकडून सुताराचा नंबर नेलाय. त्यांच्याही तुळयांची टोकं त्याला बघायची आहेत.