दातेरी जोडी

जालन्याच्या माणसाला लोखंडाचं अप्रूप नाही. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून सळ्यांनी भरलेले ट्रक निघताना तो रोज बघतो, आणि सळईच्या अंगावरच्या तिरक्या रेघा काँक्रीटची पकड बसावी म्हणून असतात, हे त्याला शाळेत न जाताही ठाऊक असतं. म्हणून सांकरीच्या दुकानात खुंटीला लटकलेली ती जोडी दिसली की तो आधी तिचे दात अंगठ्याने चाचपतो, भाडं नंतर विचारतो.

सांकरी हे उत्तरकाशी जिल्ह्यातलं गाव, केदारकंठा शिखराच्या वाटेवरचं. सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, पुढे डेहराडून, तिथून जीप. आणि ती जोडी म्हणजे मायक्रोस्पाइक्स. तिकडचे गाईड तिला सरसकट क्रॅम्पॉन म्हणतात. खरा क्रॅम्पॉन तिचा थोरला भाऊ. 1908च्या सुमारास ऑस्कर एकेन्स्टाइन या इंग्रज गिर्यारोहकाने त्याची दहा दातांची घडण ठरवली आणि आल्प्समधल्या कुर्मायर गावच्या ग्रिव्हेल लोहारांनी ती भट्टीतून काढली. शेवटी काम लोहाराकडेच आलं!

जोडी दिसायला किरकोळ. बुटावर ताणून चढवायचा रबरी पट्टा, खाली साखळ्या, साखळ्यांना दात. डावं-उजवं ती मानत नाही, पुढचं-मागचं मात्र चुकवू देत नाही. स्वभाव तिरसट. दगडावर नेलं की करकरते, पाय लचकवते, दात बोथट करून घेते. ढाब्यात तशीच आत गेली तर मालक ओरडतो. पाय जवळ टाकलेत तर दुसऱ्या पायाची पँट फाडते, म्हणून फेंगडं चालावं लागतं. घरोघरी अशी एक आत्या असते. वर्षभर तिचं कुणाशी पटत नाही, पण आजारपण आलं की पहिली तीच येऊन उभी राहते.

केदारकंठा साडेबारा हजार फूट. माथ्याकडे निघायचं ते पहाटेच्या अंधारात, बर्फ घट्ट असताना. त्या थंडीत रबर ताठर झालेलं. हातमोजे काढल्याशिवाय पट्टा टाचेवर चढत नाही, आणि काढले की बोटं आपली राहत नाहीत. एकदा चढला की मग अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या पायऱ्यांवर केलेला सराव विसरायचा. टाच आधी टेकायची नाही, सबंध तळवा दाबायचा. कर्रकन दात रुततात आणि खालच्या उताराची भीती निम्मी होते. जोडी तुम्हाला वर ओढत नाही. धाप तुमची, पोटऱ्या तुमच्या. ती फक्त घसरू देत नाही, आणि माथ्यावरून स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ दिसतात ते एवढ्यावरच.

ऊन वर आलं की तिचा तोरा उतरतो. भुसभुशीत ओला बर्फ दातांत अडकून तळाशी गोळा धरतो, आणि दात असून नसल्यासारखे. दर थोड्या पावलांनी काठीने बुटावर ठोकत उतरायचं. टोळीत कुणीतरी हटकून म्हणतोच, काढून टाकतो ही ब्याद. आणि पुढच्याच सावलीतल्या कडक बर्फावर बसकण मारतो.

सांकरीत परत आल्यावर दुकानदार तुमच्याकडे बघतही नाही. जोडी उलटी करतो, एकेक दात मोजतो, रबर ताणून चीर गेली का पाहतो. मग डिपॉझिट परत. तोवर पुण्याची एक टोळी काउंटरवर भाड्यावरून घासाघीस करत असते.