नालदेहऱ्याचे एकोणपन्नास

आमच्या मोहल्ल्यात गोल्फ म्हटले की लोक हसतात. क्रिकेट समजते, कबड्डी समजते. पण काठीने चेंडू हाणायचा आणि मग त्याच्यामागे मैलभर चालत जायचे, हा कुठला खेळ? त्यातून माणूस दापोली तालुक्यातला, नोकरी रिफायनरीतली आणि शौक साहेबाचा! आम्ही कोणाला समजावीत बसलो नाही.

खरे तर आम्ही हा खेळ गवतावर शिकलोच नाही. बहरीनमध्ये अवाली नावाची वसाहत आहे. १९३० च्या दशकात तेल कंपनीने ती आपल्या लोकांसाठी वसवली. आम्ही होतो तेव्हा तिथले मैदान निव्वळ वाळूचे होते. भोकाभोवतीच्या जागेला जगभर ‘ग्रीन’ म्हणतात, आमच्याकडे तिचे नाव ‘ब्राउन’! वाळूत तेल मिसळून, रूळ फिरवून ती घट्ट केलेली असे. आपल्या पावलांचे ठसे मागून येणाऱ्यांसाठी झाडून सारखे करायचे आणि पुढे निघायचे. बगलेत नकली गवताचा एक तुकडा असे. चेंडू जिथे पडेल तिथे तो अंथरायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. शुक्रवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, आम्ही आणि आमचे साडूभाई असे बावीस वर्षे खेळलो. नऊ होलना बावन्न, चोपन्न, एकदा बरोबर पन्नास. पन्नासाच्या आत मात्र कधीच नाही.

मग निवृत्ती आली, गाव आले, आणि बॅग माळ्यावर गेली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी उजवा गुडघा बदलायला सांगितला. तारीख ठरली. साडूभाई वयाने मोठे, जन्मभर हिशेबनीस. ते म्हणाले, “मियाँ, आपल्या गुडघ्यावर एकदा खऱ्या गवतावर खेळून घ्या. नवा कसा निघेल कोण जाणे!” घरात यावरून बरीच बोलाचाली झाली. पण ऑक्टोबरात आम्ही दोघे सिमल्याला निघालो.

नालदेहरा सिमल्यापासून साधारण बावीस किलोमीटर, मशोबऱ्याच्या पुढे. लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी आवडली की १९०४ साली झालेल्या मुलीच्या नावात त्याने ‘नालदेरा’ घातले. मैदान सपाट नाहीच. डोंगराचा उतार, मधोमध देवदार आणि मैदानातच नागदेवतेचे जुने लाकडी देऊळ. समुद्रसपाटीपासून बावीसशे मीटरच्या आसपास उंची, हवा विरळ, त्यामुळे चेंडू खालच्यापेक्षा लांब जातो. आमच्या म्हाताऱ्या हातांना ही चांगलीच मदत झाली.

अठरा होल झेपणारे नव्हते, नऊच ठरवले. सोबत जवळच्याच खेड्यातला एक तरुण कॅडी. पहिला फटका मारला आणि काठीच्या टोकाला माती लागली, ओली, काळी. तिचा वास आला. बावीस वर्षांत अवालीला वास होता तो तेलाचा. गवतात चेंडू बसतो, घरंगळत नाही. फटका मारताना मनगटाला मऊ लागतो. तिसऱ्या होलला आमचा चेंडू देवदाराच्या बुंध्यावर आपटून परत मैदानात आला. साडूभाई म्हणाले, “झाडाला शुक्रिया म्हणा.” चढणीवर गुडघा बोलू लागला, तेव्हा कॅडीने न सांगताच पावले आखडती घेतली. मुलगा समजदार होता.

आठ होल झाले तेव्हा साडूभाईंच्या कार्डावर चव्वेचाळीस होते. नवव्याला चार फटक्यांत आम्ही ग्रीनवर. म्हणजे अठ्ठेचाळीस. भोक दोन हातांवर. बोलायला कोणी तयार नव्हते. रेषा पाहायला वाकलो आणि वाऱ्याने डोक्यावरची टोपी उडून नेमकी चेंडूवर पडली. चेंडू बोटभर सरकला.

“एक दंड,” साडूभाई म्हणाले. पेन्सिल तयारच होती. हिशेबात त्यांनी सख्ख्या भावालाही सवलत दिलेली नाही. आम्ही काहीच बोललो नाही. अवालीत नियम तोच होता आणि आम्ही तो पाळत आलो होतो. आता चेंडू गेला तरी पन्नासच.

कॅडी अदबीने म्हणाला, “चाचाजी, ये रूल तो दो हजार उन्नीस में बदल गया.”

साडूभाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, जणू त्याने जमाखर्चात खाडाखोड केली. मुलाने खिशातून नियमांची चुरगळलेली पुस्तिका काढून पान उघडले. साडूभाईंनी चष्मा लावला, दोनदा वाचले. ग्रीनवर चेंडू चुकून सरकला तर दंड नाही. होता तिथे परत ठेवायचा. “ठेवा,” ते म्हणाले.

ठेवला. गुडघा ठणकत होता, हात मात्र स्थिर राहिले. चेंडू भोकाच्या कडेवर अर्धा फिरला आणि आत पडला. भोक एकशे आठ मिलिमीटरांचे असते. त्या क्षणी ते विहिरीएवढे वाटले.

साडूभाईंनी एकोणपन्नास लिहिले, खाली सही केली, कार्ड आमच्या हाती दिले आणि तोंड फिरवून बराच वेळ दरीकडे पाहत राहिले. चहाचे पैसे त्यांनी दिले. हे आमच्या नातेवाइकांना सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

चहा पिताना कॅडीने विचारले, “रेत पर? घास बिल्कुल नहीं?” बॅगेच्या कप्प्यात तो जुना नकली गवताचा तुकडा अजून होता. आम्ही तो काढून दिला. त्याने तो हिरवळीवर अंथरला, वर चेंडू ठेवला आणि हसत आमच्याकडे पाहू लागला.